लिव्हरमोरला जाता, पण बाग बघता का?

कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातल्या आपल्या मराठी मंडळींना लिव्हरमोर म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात, शिव-विष्णू मंदिर आणि आउटलेट मॉल. सकाळी अभिषेक, मग देवळाच्या कॅन्टीनमध्ये पोटभर खाणं, दुपारभर मॉल, आणि संध्याकाळी ५८० हायवेवरच्या गर्दीत अडकत घरी. आम्ही नऊ वर्षं हेच केलं. देऊळ सुंदर आहे, एकाच आवारात उत्तरेकडचं शिखर आणि दक्षिणेकडचं गोपुर असं दुसरीकडे पटकन बघायला मिळत नाही, तिथे जाऊच नका असं मी मुळीच म्हणत नाहीये. पण त्याच गावाच्या दक्षिण अंगाला, देवळापासून गाडीने थोड्याच मिनिटांवर, द्राक्षबागा सुरू होतात. तिकडे आपली गाडी वळत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "आम्ही पीत नाही, तिथे जाऊन काय करणार?"

या उत्तरासाठीच ही एवढी मोठी पोस्ट लिहितेय.

माझे वडील (आम्ही त्यांना दादा म्हणतो) मागच्या ऑगस्टमध्ये इथे आले होते. निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार, गळ्यात तुळशीची माळ, वारी न चुकवणारे. दारूचं नाव घरात काढलेलं त्यांना चालत नाही. त्यांना वाईनच्या गावात न्यायचं म्हणजे मला आधी धाकधूकच होती. पण महिनाभर घरात बसून ते कंटाळले होते. सॅन फ्रान्सिस्कोचा पूल बघून झाला होता, त्यात त्यांचं मन रमलं नव्हतं. म्हटलं, बाग तरी बघतील.

आम्ही टेस्ला रोडने गेलो. (हे नाव गाडीवरून पडलेलं नाही. निकोला टेस्लाच्या नावाची कोळशाच्या खाणीची एक वस्ती पूर्वी या डोंगरात होती, त्यावरून पडलंय.) याच रस्त्यावर वेंटी आणि कॉनकॅनन या दोन वायनरी आहेत, दोन्ही १८८३ सालच्या. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, तेव्हा चर्चमधल्या विधींसाठी लागणारी वाईन करून कॉनकॅनन तगून राहिली. वेंटीच्या बागेतल्या शार्दोने या पांढऱ्या वाईन-द्राक्षाच्या काड्या कॅलिफोर्नियाभर गेल्या. आज या राज्यात लागलेल्या शार्दोनेचा फार मोठा भाग त्याच काड्यांच्या वंशातला आहे. दादांना वाईनचा इतिहास सांगून उपयोग नव्हता, पण "काड्या इथून गेल्या" म्हटल्यावर त्यांनी लगेच मान हलवली. चांगल्या बागेची काडी मागून न्यायची, हे त्यांना कळतं.

गाडी थांबवल्यावर ते सरळ पहिल्या ओळीपाशी गेले आणि खाली बसले. मूठभर माती उचलली. माती कसली, नुसते नदीतले गोटे आणि वाळू. "पाणी उभं राहत नसंल इथं. मुळी खोल जात असंल," एवढं बोलून त्यांनी ठिबकची नळी बोटाने उचलून पाहिली, ड्रीपर मोजले. मग घडाकडे वळले. काळ्या द्राक्षाच्या मण्यात पाणी उतरलं होतं, अर्धे मणी जांभळे, अर्धे अजून हिरवे. आपल्याकडे या अवस्थेत घड किती टपोरा दिसतो! इथला मणी वाटाण्यापेक्षा थोडासाच मोठा. त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की या बागायतदाराचं काहीतरी चुकलंय.

तिथे एक मेक्सिकन कामगार पाने विरळ करत होता. दादांना इंग्रजी येत नाही आणि त्यालाही फारसं येत नसावं. दादांनी दोन बोटांची कात्री करून दाखवली आणि प्रश्नार्थक हात हलवला: छाटणी कधी? त्याने एक बोट वर केलं आणि दोन्ही हातांनी अंग आखडून थंडी वाजल्याचं दाखवलं. थंडीत, एकदाच. दादांनी दोन बोटं वर केली: आमच्याकडे दोनदा. तो माणूस हात थांबवून बघतच राहिला. हिवाळ्यात इथली वेल पानं गाळून झोपते, म्हणून एक छाटणी पुरते. आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून एप्रिलमध्ये काडी तयार करायला खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळ धरायला गोडी छाटणी. हे मी लहानपणापासून बघत आले, पण त्या दोघांच्या हातवाऱ्यांतून मला ते पहिल्यांदा नीट समजलं.

जाताना त्याने एका लवकर पिकणाऱ्या पांढऱ्या वाणाचा छोटा घड तोडून दादांच्या हातावर ठेवला. दादांनी एक मणी तोंडात टाकला, बी दाताखाली आली, साल जाड लागली, आणि मग गोडी. "आरं, ही तर साखर हाय!" खायच्या द्राक्षाची साखर १८ ब्रिक्सच्या (साखर मोजायचं माप) आसपास आली की आपण तोडणी धरतो. वाईनच्या द्राक्षाला बावीस-चोवीसपर्यंत थांबतात. मणी लहान का, ते त्यांना त्या एका घासात कळलं. उरलेला घड त्यांनी रुमालात बांधून घेतला.

आता सांगा, यात पिण्याचा संबंध कुठे आला?

एक तक्रार मात्र आहे. त्याच दिवशी आम्ही दुसऱ्या एका वायनरीत सावलीत बसायला गेलो. तिथे सांगितलं की बसायचं तर माणशी चाखणीचे पैसे भरा, पिणार नसाल तरी भरा. ७४ वर्षांच्या माणसाला उन्हात उभं ठेवून हे बोलणं मला लागलं. सगळीकडे असं नाही, पण चाखणीचे दर आता इतके चढलेत की चौघांचं कुटुंब सहज जाऊन टेकेल अशा जागा कमी होत चालल्यात. त्यामुळे जाण्याआधी फोन करून विचारा. आणि ज्यांना चाखायची आहे त्यांनी न पिणारा एक माणूस गाडीसाठी ठेवाच. बार्ट ही लोकल रेल्वे इथपर्यंत येत नाही. ती डब्लिनलाच संपते, पुढे वाढवायचा प्रस्ताव २०१८ मध्ये बारगळला.

बसायला जागा आम्हाला मिळाली ती सिकमोर ग्रोव्ह पार्कमध्ये. आर्रोयो देल व्हाये या ओढ्याकाठी पांढऱ्या खोडाचे प्रचंड सिकमोर, त्यांच्या सावलीतून जाणारा सपाट पक्का रस्ता, म्हाताऱ्या माणसाला काठी टेकत चालता येईल असा. शंभर वर्षांहून जुनी ऑलिव्हची झाडंही आहेत. पुढे डोंगरात देल व्हाये धरणाचा मोठा तलाव आहे, मुलं असतील तर तिथे होडी भाड्याने मिळते. पोहण्याआधी मात्र पाण्याबद्दलची सूचना वाचा, उन्हाळ्यात शेवाळामुळे कधीकधी पोहणं बंद असतं.

आणि बल्ब! गावातल्या सहा नंबरच्या अग्निशमन केंद्रात १९०१ पासून जळणारा बल्ब आहे. मागच्या बाजूला जाऊन घंटा वाजवायची. जवान मोकळे असतील तर आत घेतात. वर छताजवळ हाताने फुंकलेल्या काचेचा बल्ब, आत कार्बनची तार, उजेड जेमतेम चार वॅटचा, केशरी. १९७६ मध्ये नव्या केंद्रात हलवताना तो बावीस मिनिटं बंद होता. २०१३ मध्ये एकदा विझला, सगळ्यांना वाटलं संपला, पण बिघाड निघाला वीज पुरवणाऱ्या यंत्रात. दादा बराच वेळ मान वर करून बघत होते. ज्या गावात लेझरने अणूंचं मीलन घडवणारी राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, त्या प्रयोगशाळेमुळे ज्या गावाचं नाव ११६ व्या मूलद्रव्याला मिळालं, त्या गावाला या चार वॅटचाही तेवढाच अभिमान आहे. मला हे गाव आवडतं ते यासाठी.

पण बागेकडे परत येते, कारण खरा मुद्दा तिथे आहे.

त्या बागा आपोआप उरलेल्या नाहीत. बे एरियाच्या घरांच्या किमती बघता त्या जमिनीवर कधीच इमारती उभ्या राहिल्या असत्या. १९९३ मध्ये अलामीडा काउंटीने दक्षिण लिव्हरमोरसाठी एक आराखडा केला. मूळ नियम शंभर एकराला एक घर. पण मालकाने जमिनीच्या साधारण ९० टक्के भागावर द्राक्षं किंवा इतर शेती लावली आणि ती कायमची शेतीसाठी बांधून दिली, तर वीस-वीस एकरांचे तुकडे पाडून जास्त घरं बांधायची परवानगी. म्हणजे शेतकऱ्याला नुसतं "विकू नको" म्हटलं नाही, त्याच्या पदरात काहीतरी टाकलं. त्यानंतर तिथे बागा वाढल्या. आज लोक तिथे सायकल चालवतात, वेंटीच्या बागेत संध्याकाळी गाण्याचे कार्यक्रम ऐकतात, हॉटेलं चालतात, ते त्या निर्णयाच्या जोरावर.

मला हे वाचताना सारखं नाशिक दिसत होतं. मखमलाबाद, गंगापूर रोड, आडगाव, माझ्या लहानपणी या बाजूंना बागा होत्या. सायकलवरून क्लासला जाताना फवारणीचा वास यायचा. आज तिथे सोसायट्या आहेत, आणि त्या सोसायट्यांच्या जाहिरातीत द्राक्षांचे घड छापलेले आहेत. आपण नाशिकला वाईन कॅपिटल म्हणतो, शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या गंगापूर धरणाकडे रांग लावतात. त्या गाड्या वाईनसाठी येतात असं आपल्याला वाटतं. वाईन तर मुंबईतही मिळते. माणसं येतात ती धरणाच्या वाऱ्यात, हिरव्या ओळींसमोर दोन तास बसायला. ओळीच गेल्या तर उरणार काय?

बाग काढणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. ऐन तोडणीत अवकाळी, मग गारपीट, मग व्यापारी पैसे बुडवून पळतो, हे सगळं आमच्या घरात घडलंय. त्याला नुसतं भावनेने थांबवता येणार नाही. त्याने बाग ठेवली तर गाव त्याला काय देणार, हे कागदावर लिहून द्यावं लागेल. शहराला बाग हवी असेल तर तिची किंमत एकट्या बागायतदाराने का मोजावी?

निफाडला आमच्याही रस्त्याकडेच्या दोन एकरांची एनए, म्हणजे बिगरशेती, करायची बोलणी सुरू आहेत. त्या रात्री जेवताना दादा बोलले नाहीत. रुमालातला घड पाण्यात धुऊन त्यांनी नातवंडांना एकेक मणी मोजून दिला, बिया मात्र परत मागून घेतल्या आणि खिशात ठेवल्या. बीपासून वेल काही त्याच वाणाची येत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी, तिकडे रात्र असताना, त्यांनी माझ्या भावाला फोन लावला आणि विचारलं, "गोडी छाटणीला माणसं सांगितली का?" भावाने विचारलं, "रस्त्याकडच्या तुकड्याला पण?" दादा म्हणाले, "त्यालाच विचारतोय."

भाऊ अजून ठरवतोय. त्याची अडचण मला माहीत आहे. माझं मत मी त्याला कळवलंय, आणि इथेही लिहितेय. पुढच्या रविवारी देवळात जाल तेव्हा तासभर जास्त काढा आणि टेस्ला रोडने जा. सध्या तिथे तोडणी चालू आहे.