घर तुमचं, मग नकार कमिटीचा कसा?

नमस्कार. मिझोरामच्या मुलीला भाड्याचं घर नाकारल्याबद्दल मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की "घर माझं, भाडेकरू कोण ठेवायचा ते मी ठरवणार." २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानेच एका पारशी सोसायटीला फक्त पारशी सभासद घ्यायची मोकळीक दिली. मग मिझोरामच्या मुलीला घर नाकारलं, तर 'कायदा मोडला' असं मी लिहिलंच कसं?

सरसकट तसं लिहिणं चुकलं, हे मान्य. खाजगी घरमालकाने चेहरा किंवा आडनाव पाहून नकार दिला, तर त्याला थेट अडवणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. घटनेच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते आहेत. भाड्याचं घर नाही. अमेरिकेत असा कायदा १९६८ पासून आहे.

पण पारशी सोसायटीचा तो निकाल इथे लागू पडत नाही. ती सोसायटी अहमदाबादची, आणि पारशांपुरतं सभासदत्व तिच्या नोंदणीकृत उपविधींतच, म्हणजे सोसायटीच्या स्वतःच्या नियमांतच, लिहिलेलं होतं. वाद सभासदत्वाचा होता, भाडेकरूचा नव्हता. तुमच्या बिल्डिंगच्या उपविधींत असं काही आहे का, एकदा उघडून बघा.

आणि माझ्या लेखातल्या मुलीला घरमालकीणबाईंनी हो म्हटलं होतं! टोकनही घेतलं होतं. मग ब्रोकरचा फोन आला, "कमिटी नॉर्थ-ईस्टवाल्यांना अलाऊ करत नाही." म्हणजे तुम्ही ज्या हक्कासाठी भांडताय, तो कमिटीनेच मालकिणीकडून काढून घेतला. आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांसाठी सरकारने दिलेले नमुना नियम, स्वीकारलेल्या सोसायटीत फ्लॅट भाड्याने द्यायला पूर्वपरवानगी लागत नाही. आठ दिवस आधी लेखी कळवायचं, लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत जोडायची, भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची. बाईंनी हे सगळं केलं आणि सेक्रेटरींना पत्र दिलं: नकार असेल तर कारणासकट लेटरहेडवर द्या. पत्राची पोच घेतली. लेखी नकार काही आला नाही, मुलगी राहायला गेली. गोष्ट पुढे गेली असती, तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तीच पोच कामाला आली असती. तोंडी नकाराची तक्रार कशी सिद्ध करणार? आणि सोसायटीची सभासद मालकीणच असल्याने तिची तक्रार भाडेकरूच्या तक्रारीपेक्षा जास्त टिकते.

शिवाय मिझो लोक अनुसूचित जमातीत येतात. जमातीवरून चारचौघांत अपमान केला, तर अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू शकतो. माणूस दुसऱ्या राज्यात आला म्हणून त्याचं हे संरक्षण सुटत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ मध्ये स्पष्ट केलंय.

राहता राहिलं तुमचं, "आधी आपल्या मराठी माणसांचं बघा." बघतोच आहे. २०२३ मध्येच मुलुंडला एका मराठी बाईंना 'महाराष्ट्रीयन नको' म्हणून ऑफिससाठी जागा नाकारली, तेव्हा आपण सगळे पेटून उठलो होतो. त्या बाईंना जे ऐकावं लागलं, तेच या मुलीला ऐकावं लागलं. मला यात फरक दिसत नाही.

तुम्ही कमिटीवर आहात असं लिहिलंय. पुढच्या मीटिंगमध्ये एवढंच विचारा: भाडेकरू नाकारायचा अधिकार आपल्याला कुठल्या उपविधीने दिला? उत्तर मिळालं तर इथे जरूर लिहा.