नेम यांचा चुकतो आणि कुऱ्हाड कडूनिंबावर

गेल्या रविवारी पहाटे पावणेसहाला मी आमच्या गोल्फच्या मैदानात पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, उभा होतो. चार तासांत अठरा होल आटोपतील आणि दहाच्या आत घर गाठता येईल, असा माझा हिशेब होता, कारण मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि दहानंतर मैदानावर थांबणे म्हणजे जिवाशी खेळ असतो. प्रत्यक्षात शेवटचा पट, म्हणजे चेंडू खळग्यात ढकलण्याचा फटका, मारला तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. बाटलीतले पाणी संपले होते, माझी बॅग वाहणाऱ्या कॅडीचे ओठ कोरडे पडले होते आणि आमच्या पुढचे चौघे अजूनही करंजाच्या झुडपात चेंडू शोधत होते.

आमचे मैदान सार्वजनिक आहे. सभासदत्वासाठी लाखो रुपये मोजण्याची ऐपत नसलेला माणूसही येथे दिवसाचे शुल्क भरून खेळू शकतो आणि म्हणूनच मला ते प्रिय आहे. दोन्ही बाजूंना कडूनिंब, करंज, साग, मधूनच पिवळाजर्द फुललेला बहावा आणि त्यांच्यामधून जाणारी अरुंद फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताचे पट्टे, अशी त्याची रचना आहे. ते लांब मारणाऱ्याला काही देत नाही, सरळ मारणाऱ्याला मात्र भरभरून देते. सातव्या होलवर उजवीकडे वळण आहे आणि त्या वळणावर एक जुना, डेरेदार कडूनिंब उभा आहे. पाच नंबरच्या आयर्नने, म्हणजे मध्यम पल्ल्याच्या काठीने, दीडशे-एकशेसाठ यार्डांवर फेअरवेच्या मध्यात चेंडू ठेवला, तर पुढचे ग्रीन, म्हणजे खळग्याभोवतीची हिरवळ, समोर स्वच्छ दिसते. हे मी वाचून सांगत नाही. त्या झाडाखाली असंख्य चेंडू गमावून मी ते शिकलो आहे.

पण हे शिकण्याची तयारीच नसलेल्या लोकांचे काय करायचे? प्रत्येक टीवर पहिला हात ड्रायव्हरकडे, म्हणजे सर्वांत लांब मारणाऱ्या काठीकडे, जातो. अंगात असेल नसेल तेवढी ताकद लावून फटका मारला जातो, चेंडूला भिडताना क्लबचे, म्हणजे काठीचे, तोंड उघडे राहते आणि चेंडू उजवीकडे वळत, म्हणजे स्लाइस होऊन, थेट झाडीत शिरतो. हिशेब साधा आहे. चेंडू सुरुवातीलाच पाच अंश तिरका निघाला, तर दोनशे यार्डांवर तो सुमारे १७ यार्ड बाजूला पडतो. मोकळ्या माळावर ही चूक खपून जाते, झाडांच्या रांगांमध्ये ती खपत नाही, आणि या मैदानाची सारी गंमत तर त्यातच आहे.

चूक कोणाचीही होते, माझीही होते. माझा संताप चुकीनंतर जे चालते त्याबद्दल आहे. चेंडू शोधायला नियमाने तीन मिनिटे मिळतात. पूर्वी पाच मिळत, २०१९ पासून तीन झाली. चेंडू हरवेल अशी शंका असेल, तर तसे सांगून तेथेच दुसरा, म्हणजे प्रोव्हिजनल चेंडू खेळायचा असतो, म्हणजे मागे परत येण्याचा खेटा वाचतो. या चौघांपैकी एकानेही अठरा होलमध्ये एकदाही प्रोव्हिजनल खेळला नाही. घड्याळ लावून पाहिले, एका चेंडूसाठी त्यांनी अकरा मिनिटे घालवली. मागे तीन गट तळपत्या उन्हात ताटकळत उभे होते आणि ‘तुम्ही पुढे जा’ असा हात करण्याचे सौजन्य कोणालाही सुचले नाही.

पाचव्या होलवर तर शेजारच्या फेअरवेवरून आलेला चेंडू माझ्या कॅडीच्या कानाजवळून सणसणत गेला आणि मागच्या सागाच्या खोडावर आपटला. ४५ ग्रॅम वजनाची ती टणक वस्तू डोक्यात बसली असती, तर त्या पोराचे काय झाले असते? ‘फोर!’ अशी इशाऱ्याची एक आरोळी, एवढेच मारणाऱ्याचे काम होते. तीही आली नाही. तो पोरगा वळून ओरडला, ‘‘आवाज तरी देत जा ना भाऊ!’’ पलीकडून साधे ‘चुकलो’ सुद्धा आले नाही.

आणि मग सातवा होल. आमच्या पुढच्या चौघांपैकी एकाचा चेंडू अर्थातच कडूनिंबाजवळ गेला होता, शेजारच्या कोवळ्या करंजाच्या बुंध्याशी. तेथे नियम अगदी सरळ आहे. खेळता येत नसेल, तर चेंडू अनप्लेएबल घोषित करा, एक फटक्याचा दंड घ्या, दोन क्लबच्या अंतरात ड्रॉप करा, म्हणजे हातातून खाली सोडा, आणि पुढे चला. या गृहस्थांनी कॅडीला फांदी ओढून धरायला लावली. ती सरळ धरवेना, तेव्हा स्वतः पुढे होऊन त्यांनी ती मोडली. वाढत्या झाडाची फांदी वाकवून किंवा मोडून स्वतःच्या फटक्याला जागा करणे हा नियमभंग आहे आणि एकूण फटके मोजून खेळायच्या स्ट्रोक प्लेमध्ये त्याला दोन फटक्यांचा दंड आहे. हे काम कॅडीकडून करवून घेतले, तरी दंड खेळाडूच्याच माथी बसतो. त्यांच्या स्कोअरकार्डावर मात्र त्या होलपुढे दंड न धरताच पाचचा आकडा पडला. मोडलेली फांदी तशीच सालीला लोंबत राहिली. आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा पांढरट ओल्या लाकडावर मुंग्या जमू लागल्या होत्या.

एवढे सगळे गिळून मी निमूटपणे घरी गेलो असतो. पण निघताना काउंटरवर एक अर्ज फिरत होता. सातव्या होलवरचा कडूनिंब आणि फेअरवेला लागून असलेली काही झाडे खेळात ‘अडथळा’ ठरतात, त्यांच्यामुळे चेंडू हरवतात आणि वेळ जातो, म्हणून ती काढावीत, अशी मागणी. खाली बऱ्याच सह्या होत्या आणि सर्वांत वरची सही त्या फांदी मोडणाऱ्या गृहस्थांची होती. नाचता येईना म्हणून अंगण वाकडे म्हणणारे आजवर पुष्कळ पाहिले, पण ते अंगणच खणून काढा म्हणणारे पहिल्यांदा पाहिले.

या मंडळींनी दिल्लीकडे एकदा पाहावे. दिल्ली गोल्फ क्लबचे मैदानही असेच झाडाझुडपांनी आवळलेले आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथे मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा रोरी मॅकिलरॉयसारख्या जगातल्या लांब मारणाऱ्या खेळाडूने ड्रायव्हर वापरायचाच नाही असे ठरवले. झाडे तोडा, असा अर्ज त्याने केला नाही. त्याने हातातला क्लब बदलला. आपल्याकडच्या रविवारच्या खेळाडूला मात्र हातातला क्लब बदलणे कमीपणाचे वाटते आणि पन्नास-साठ वर्षांचे झाड आडवे करणे सोपे वाटते.

हे झाड तोडणे वाटते तितके सोपे नाही, हेही अर्जदारांना ठाऊक नसावे. १९७५ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार नागरी क्षेत्रात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आहे. याच शहरातले लोक अजनीतली झाडे वाचावीत म्हणून रस्त्यावर उतरले होते. त्याच शहरात कोणाचा तरी स्लाइस सुटत नाही म्हणून कडूनिंब जाणार असेल, तर मला त्याची लाज वाटते.

मी सही केली नाही. त्याच कागदाच्या पाठीमागे माझी हरकत लिहिली: शोधाची तीन मिनिटे काटेकोर पाळायला लावा, पहाटेच्या गटांमागे मार्शल, म्हणजे खेळाच्या वेगावर लक्ष ठेवणारा माणूस, फिरवा, चेंडू दुसऱ्या फेअरवेकडे गेल्यावर ‘फोर’ न ओरडणाऱ्याला त्या दिवशी बाहेर काढा आणि फांदी मोडणाऱ्याकडून दंड वसूल करा. काउंटरवरच्या माणसाने कागद उलटून पाहिला, पुन्हा सह्यांची बाजू वर केली आणि तो ट्रेमध्ये ठेवून दिला. उद्या सकाळी मी हीच हरकत वेगळ्या कागदावर लिहून, तिची पोच घेऊन येणार आहे.