फक्त पेट्रोल भरा आणि निघा

सेकंड हँड गाडी विकणाऱ्या प्रत्येकाचं एक वाक्य ठरलेलं असतं, "काही काम नाही साहेब, फक्त पेट्रोल भरा आणि निघा." मग बाबा तूच का नाही निघत? पण असं विचारायचं नसतं. विचारलंच तर समोरचा एकदम घरगुती होतो, फॅमिली मोठी झालीये, पार्किंग नाहीये, परदेशात चाललोय. मी बघितलेल्या गाड्यांचे निम्मे मालक परदेशात निघाले होते आणि बिचाऱ्यांच्या जाहिराती अजून तशाच आहेत.

बरं मी काही अगदीच कोरा नव्हतो, रात्र रात्र व्हिडिओ बघून तयारी केली होती. फोनवरच बजावून सांगायचो की इंजिन थंड असू द्या, मी आल्यावरच स्टार्ट करू. कारण तापलेलं इंजिन शहाण्या मुलासारखं वागतं, धूर, टकटक, मेलेली बॅटरी, सगळं दिसतं ते थंड असताना. तर एकांकडे पोचलो, हात मिळवला आणि दुसरा हात सहज बॉनेटवर ठेवला. चटका बसला. "ऊन लागतं हो इथे फार," मालक म्हणाले. संध्याकाळचे साडेसात वाजले होते.

मीटरवर चाळीस हजार किलोमीटर. पण ब्रेक पेडलचं रबर झिजून पार गुळगुळीत, स्टेअरिंग चकाकतंय, ड्रायव्हर सीटची कड बसलेली. एवढ्याशा रनिंगमध्ये एवढी झीज म्हणजे हे गृहस्थ बहुतेक पेडलवर उभं राहून व्यायाम करत असावेत. टायर मात्र "आत्ताच टाकलेत". टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे २३१५ असेल तर २०१५ चा तेविसावा आठवडा. मी टॉर्च घेऊन उकिडवा बसलो आणि नेमके हेच आकडे वाचून दाखवले तर मालक म्हणे तो कंपनीचा मॉडेल नंबर आहे! चारही टायरवर वेगवेगळा मॉडेल नंबर होता.

एका गाडीत शिरलो तर परफ्यूमने डोळ्यांत पाणी आलं. आता इतका वास मारलाय म्हणजे खाली दुसरा कुठला तरी वास आहे हे उघड आहे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला, आतल्या भागावर चिखलाची रेघ अगदी सरळ, पट्टीने आखल्यासारखी. वरचा बेल्ट सगळे धुतात, आत गुंडाळलेला कोणी धूत नाही. मी काही बोललो नाही, त्यांनीच "आमच्याकडे पाऊस कमीच असतो" असा विषय काढला.

याच बाजारावर जॉर्ज अ‍ॅकरलॉफ नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये एक पेपर प्रसिद्ध केला होता. मुद्दा साधा, गाडी कशी आहे ते विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं, म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव सांगतो आणि मग चांगली गाडीवाले बाजारातच येत नाहीत. हा पेपर आधी तीन जर्नल्सनी परत पाठवला होता. त्या संपादकांनी कायम शोरूममधूनच गाड्या घेतल्या असणार. पुढे २००१ मध्ये अ‍ॅकरलॉफना याच कामासाठी नोबेल मिळालं, विभागून. मला नुसता मनस्ताप मिळाला, तोही अख्खा.

आणि अ‍ॅकरलॉफला आमचे काका माहीत नव्हते. काका म्हणजे "मला दाखवल्याशिवाय घेऊ नकोस" वाले. ते गाडीचं दार उघडतात, धाडकन लावतात, डोळे मिटून आवाज ऐकतात आणि म्हणतात, "नको." का नको ते सांगत नाहीत. त्यापेक्षा मेकॅनिक बरा, पैसे घेतो पण कारण देतो. गाडी लिफ्टवर चढवून खालून टॉर्च मारतो आणि वेल्डिंगच्या जागेवर बोट ठेवून म्हणतो, "ही पुढून एका गाडीची आहे आणि मागून दुसऱ्या गाडीची."

शेवटी एक बाई भेटल्या. फोनवरच म्हणाल्या, क्लच अजून वर्षभर चालेल फार तर, डावीकडची मागची काच हाताने धरून वर ढकलावी लागते, उजवा दरवाजा एकदा खांबाला घासलाय म्हणून रंगवलाय, आणि एसीचा गॅस गळतो, भरून उपयोग नाही. सर्व्हिसची बिलं तारखेप्रमाणे फाइलला लावलेली. बॉनेट गार. मेकॅनिकलाही तेवढंच सापडलं, जास्त काही नाही.

इतकं खरं ऐकून मी पार घाबरलो. एवढं सांगितलंय तर न सांगितलेलं केवढं असेल! रात्रभर झोप नाही. काकांनी दार लावून बघितलं, दोनदा, आणि म्हणाले, "आवाज चांगला आहे, पण बाई फार खरं बोलतात, जरा जपून."

घेतली मी. मागे बसणाऱ्यांना आता आधीच सांगतो, काच खाली करू नका. सगळे विचारतात, "का, काही प्रॉब्लेम आहे का गाडीत?"