वीस अंश सेल्सिअस, मुक्काम जळगाव

कृष्णधवल फिल्म धुण्याविषयीच्या पुस्तकांत २० अंश सेल्सिअस हा आकडा इतक्या निरागसपणे छापलेला असतो की, लिहिणाऱ्याने मे महिन्यातले जळगाव नकाशावरसुद्धा पाहिलेले नसावे. इथे पारा ४४ अंशांवर गेला तरी ती कोणी बातमी मानत नाही, आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतून दुपारी जे पाणी येते त्यात डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर प्रतिमा उमटवणारे रसायन, कालवण्यापेक्षा सरळ चहाची पत्ती टाकावी, असा मोह होतो.

तरीही चार बाय पाच इंचांच्या सुट्या फिल्म-शीटवर फोटो घेणाऱ्या कॅमेऱ्याचे वेड एकदा लागले की माणूस आधी सुट्या शीटची किंमत पाहतो, मग खिसा पाहतो आणि शेवटी विमानातून जमिनीची छायाचित्रे घेण्यासाठी बनवलेल्या, मुदत उलटलेल्या फिल्मच्या रोलकडे वळतो. हा रोल २४ सेंटिमीटर रुंद असतो. त्याच्या रुंदीत दोन तुकडे बसतात आणि चार सेंटिमीटरची एक पट्टी उरते, जी कशाच्याही कामाची नसते आणि टाकूनही देववत नाही. शिवाय ही फिल्म तांबड्या प्रकाशालाही दाद देत असल्यामुळे लाल दिव्याची सोय नाही. जे करायचे ते न्हाणीघराच्या फटी बुजवून ठार अंधारात करायचे.

त्या अंधारात पासपोर्ट फोटोवाल्यांकडे असतो तसला कटर मांडीवर घेऊन बसले की भूमितीची पहिली फसवणूक कळते. चार इंच म्हणजे १०१.६ मिलिमीटर, पण चार इंची म्हणवणाऱ्या फिल्महोल्डरच्या खाचेत प्रत्यक्षात १०० मिलिमीटरच्या आसपासचाच तुकडा सरकतो. नावावर विश्वास ठेवून कापलेला तुकडा अर्ध्यावर अडतो, आणि तो का अडला हे पाहण्यासाठी दिवा लावायची चोरी असते. म्हणून कटरवर लाकडी पट्टी ठोकून माप कायमचे बांधून टाकावे लागते. दुसरा प्रश्न बाजूचा. कारखान्यातून येणाऱ्या शीटच्या कडेला खाचा असतात. शीट उभी धरून खाच वरच्या उजव्या कोपऱ्यात बोटाला लागली की रसायनाचा थर आपल्याकडे आहे, असे समजायचे. घरी कापलेल्या तुकड्याला असले कुळशील नसते. मग ओलसर ओठ लावून पाहायचा. जी बाजू चिकटते ती थराची, आणि लगेच त्या कोपऱ्याला कात्रीने कान पाडून ठेवायचा. पन्नाशीकडे झुकलेला गृहस्थ न्हाणीघरात दार लावून प्लॅस्टिकचे मुके घेत बसतो, हे घरच्यांना सांगण्याचे धाडस मी अजून केलेले नाही.

घरच्यांचा मुख्य आक्षेप अंधारालाच आहे. वास्तविक लोडशेडिंग ही माझ्यासारख्यासाठी सरकारी मदतच म्हणायची. पण लाईट गेली की साऱ्या वाड्याला माझी दया येते. ‘‘का रे भो, अंधारामा काय करी ऱ्हायना?’’ असे शेजारचे आप्पा खिडकीतून विचारतात, आणि पुतण्या तर काकांवरच्या निव्वळ मायेपोटी मोबाईलची बॅटरी लावून दार ढकलतो. तेव्हापासून कडीवर माझा विश्वास उरलेला नाही. आतून मी खिळा मारला आहे.

उरते ते तापमान. डी-७६ हा डेव्हलपर कोडॅकने १९२७ च्या सुमारास बाजारात आणला आणि तो अजूनही भला आहे. पण पाणी तापले की वेळ कमी करावा लागतो, आणि तो पाच मिनिटांच्या आत आला की प्रतिमा डागाडागांनी उमटते. बर्फ हा उपाय दिसायला सोपा आहे. गोळेवाल्याकडून लादीचा तुकडा आणून ट्रेखालच्या घमेल्यात ठेवला की डेव्हलपर थंड होतो, पण हायपो, म्हणजे उमटलेली प्रतिमा पक्की करणारे द्रावण, आणि धुण्याचे पाणी गरमच राहते. अशा गारव्यातून उकाड्यात गेलेल्या थराला सुरकुत्या पडतात. म्हणजे थंड करायचे तर सगळेच थंड करायला हवे. जुन्या लोकांनी उष्ण मुलखांसाठी डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घालून थराची फूग रोखण्याची युक्ती काढली होती, आणि आम्लयुक्त हायपोत तुरटी घातली की थर घट्ट होतो. तुरटी किराणा दुकानात मिळते, हे या छंदाने खानदेशावर केलेले एकमेव औदार्य आहे.

गार पाण्याचा साठा मात्र घरात एकच : मायचा रांजण. त्यातल्या पाण्याला हात लावण्यापूर्वी तिचा फोटो काढण्याची अट मला मान्य करावी लागली. ती ओट्यावर बसली, मी काळ्या कापडाखाली घामाने भिजलो, आणि रात्री रांजणाच्या पाण्यात धुतलेली ती निगेटिव्ह सुरकुतीशिवाय बाहेर पडली. बाहेरच्या धुळीत न्यायची नाही म्हणून न्हाणीघरातच चिमट्याला टांगून वाळवली.

सकाळी मायने ती उजेडात धरून बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाली, ‘‘केस काळे केलेस ते बरं केलंस रे. पण माझ्याच रांजणाचं पाणी घेऊन माझंच तोंड काळं केलंस?’’