गायकाला शेती किती?

अप-डाऊन करणाऱ्या माणसाला आवडता गायक असू नये. असलाच तर तो घरी ठेवून यावा, डब्यासोबत गाडीत आणू नये.

आम्ही चौघं परभणीहून गंगाखेडला एकाच गाडीनं जातो. चाळीसेक किलोमीटरचा रस्ता. गाडी गणिताच्या सरांची, पेट्रोल चौघांचं आणि गाणी ज्याचा वार त्याची. वारांचा नियम सरांनीच केला, कारण त्याआधी ब्लूटूथवरून रोज एवढी ओढाताण व्हायची की एका सकाळी फोन जोडायच्या भानगडीत पोखर्णीच्या नृसिंहाला हात जोडायचे राहून गेले आणि सर दिवसभर बेचैन होते. नववीच्या वर्गाला त्याचा त्रास झाला म्हणतात.

तर सोमवार सरांचा. सोमवारी प्रल्हाद शिंदे. हा आवाज टेम्पोच्या भोंग्याला दबत नाही, खड्ड्याला दचकत नाही, आणि खिडक्या उघड्या असल्या तरी शब्द न् शब्द कळतो. मंगळवार मॅडमचा, म्हणजे जुनी हिंदी गाणी आणि गझला. बुधवार आरोग्य खात्यातल्या भाऊंचा. भाऊ प्रल्हाद शिंद्यांच्या पुढच्या पिढीपासून सुरुवात करतात, आनंद-मिलिंद करत करत आदर्शपर्यंत येतात. म्हणजे आठवड्यातले दोन दिवस आमची गाडी एकाच घराण्याकडे असते. किराणा आणि जयपूर मोजणाऱ्यांनी हे घराणं मोजलं नाही, हा त्यांचा करंटेपणा. शुक्रवार खुला. गुरुवार माझा.

माझ्या वाराला मात्र पोटनियम आहे : रॉक चालणार नाही. पहिल्या गुरुवारी मी माझ्या आवडीचं एक लावलं, त्यात ड्रम सुरू झाले, तशी सरांनी गाडी कडेला घेतली आणि खाली उतरून बॉनेट उघडलं. आवाज इंजिनाचा नाही हे कळल्यावर त्यांना हायसं वाटलं आणि मग राग आला. "साहेब, हे डोक्याला ताप सोडून दुसरं काय आवडतं तुमाला? ते लावा."

दुसरं मला पुष्कळ आवडतं. अडचण आवडीची नाहीच. अडचण अशी की, रात्री एकट्यानं कानात घालून ऐकताना ज्या गाण्यानं अंगावर काटा येतो, तेच गाणं सकाळी तिघांना ऐकवायला घेतलं की आपण गाणं ऐकतच नाही. आरशातून तिघांची तोंडं बघत बसतो. "आता बघा, आता येते ती जागा," असं आपण म्हणतो आणि ती जागा नेमकी गतिरोधकावर येते. मागं कुणीतरी जांभई देतं. मग इतकी वर्षं जपलेल्या त्या गाण्यात आपल्यालाच खोट दिसायला लागते : फारच लांबवलंय का हे?

धोका नको म्हणून सुरुवात घरच्याच माणसानं केली. कुमार गंधर्व, निर्गुणी भजन. हंस एकटाच उडून जाणार, मागं उरेल ती दुनियेची जत्रा, असा त्याचा भाव. गाणं थोर आहे, त्यात वाद नाही. पण कारखान्यांचा हंगाम सुरू झालेला, धुकं पडलेलं, आणि आमच्या पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. ट्रॉलीला मागं दिवा नाही, लाल कापड नाही, काही नाही. सरांनी ओव्हरटेकसाठी गाडी बाहेर काढली, समोरून एसटी आली, आणि त्याच क्षणी हंस उडाला.

"साहेब, बंद करा ते," मॅडम मागून म्हणाल्या. "माझी पोरं लहान आहेत."

मी बंद केलं. पण कुमारांची बाजू मांडणं भाग होतं, म्हणून सांगितलं की या माणसाला ऐन पंचविशीत क्षय झाला, फुफ्फुस गेलं, डॉक्टरांनी गाणं बंद करायला लावलं, देवासला अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्यातली लोकगीतं ऐकली, आणि १९५२ च्या सुमाराला ते पुन्हा गायला उभे राहिले. इथं भाऊ एकदम सावरून बसले. भाऊ क्षयरोग विभागात आहेत.

"कोणत्या साली झाला म्हणलाव?"

"१९४७-४८."

"मग स्ट्रेप्टोमायसिन मिळालं असंल. नाहीतर कामून वाचतील?"

मिळालं होतं. तिथून दैठणा ओलांडेपर्यंत गाडीत गोळ्यांचा कोर्स, थुंकीचे नमुने आणि औषध अर्धवट सोडणारी माणसं एवढाच विषय. कुमार गंधर्वांबद्दल तिघांच्याही मनात आदर तयार झाला होता. गाणं कुणी पुन्हा लावा म्हणालं नाही.

पुढच्या खेपेला मॅडमना धरून आबिदा परवीन लावली. गझल सिराज औरंगाबादींची, अठराव्या शतकातली. औरंगाबाद हे मॅडमचं माहेर. "आमच्याकडचे?" म्हणून त्यांनी लगेच माहेरच्या ग्रुपवर ती लिंक टाकली, 'आपल्या गावचे' असं लिहून. गझल अजून दुसऱ्या शेरालाही आली नव्हती. पाकिस्तानात राहणाऱ्या बाईंनी आपल्या गावचा शायर एवढा जीव ओतून गावा, याचं कौतुक करायलाही कुणी थांबलं नाही. माणूस आपला निघाला, काम झालं.

मग ब्लूज. इथं तांत्रिक अडचण आली. गिटार वाजली तशी सर म्हणाले, "हे रॉकच हाय." मी म्हणालो, ब्लूज हा रॉकचा बाप, पोराच्या उचापतीची शिक्षा बापाला कशी देता? सर न्यायी आहेत. ते स्टेअरिंगवर बोटानं मोजायला लागले. एक ओळ, तीच ओळ पुन्हा, मग तिसरी उत्तराची. प्रत्येक ओळीला चार बार, एकूण बारा, आणि एका बारात चार ठोके.

"अठ्ठेचाळीस," सरांनी निकाल दिला. "एकतालाच्या मात्रा चौपट केल्या. शिस्तीचं हाय."

गाणं चांगलं की वाईट यावर एक शब्द नाही. ताळा जमला एवढ्यावर बी. बी. किंग गाडीत आले.

"हे कुठले?" भाऊंनी विचारलं.

"मिसिसिपीचे. जन्म १९२५. कापसाच्या मळ्यावर वाढले. आधी कापूस वेचला, मग तिथंच ट्रॅक्टर चालवला."

मॅडमनी आवाज कमी करायला सांगितला, कारण ऐकू येत नव्हतं. मी काय सांगतोय ते. एका संध्याकाळी किंगसाहेब ट्रॅक्टर लावून उतरले, बंद करता करता त्यानं हिसका मारला आणि पुढं जाऊन त्याचं धुराडं शेडला धडकून मोडलं. मालक काय करेल या भीतीनं गडी पळाला तो थेट मेम्फिसला. साल १९४६.

"सालगडी होते का?" सर.

"उचल अंगावर असताना पळाले?" भाऊ.

मी घाईनं ल्युसिलवर आलो. १९४९ सालची गोष्ट. नाचाच्या हॉलमध्ये ऊब यावी म्हणून रॉकेलचं पिंप पेटवून ठेवलेलं. दोन माणसं भांडता भांडता त्यावर पडली, हॉल पेटला, सगळे बाहेर पळाले आणि हे गिटार राहिली म्हणून पुन्हा आत शिरले. भांडण जिच्यावरून झालं ती बाई ल्युसिल. तेव्हापासून गिटारचं नाव ल्युसिल, त्या एकाच नव्हे, पुढच्या प्रत्येक गिटारचं.

"घरी चाललं का हे?" मॅडमनी विचारलं.

गंगाखेड आलं. गाणं कधी संपलं कुणाला कळलं नव्हतं. मला मात्र त्या दिवशी माझं खरं काम कळलं. मी गाणी ऐकवणारा राहिलो नव्हतो; मी स्थळं सुचवणारा मध्यस्थ झालो होतो. मुलगा कुठला, घरचं कसं, शेती किती, पाण्याचं काय, हे नीट सांगितलं की मंडळी खूश. मुलगा गातो हे शेवटी सांगायचं, आणि तेही हलक्या आवाजात.

एकदा हे उमगल्यावर मी तयारीनं जायला लागलो. माझं सगळ्यात दणक्यात जमलेलं स्थळ म्हणजे अली फार्का तुरे. आफ्रिकेतल्या माली देशाचे, सहाराच्या कडेला नायजर नदीच्या काठी नियाफुंके म्हणून गाव आहे तिथले. मला या माणसाची गिटार फार आवडते. मोजकेच सूर, फिरून फिरून तेच, आणि तरी थांबू नये असं वाटतं. यातलं मी काहीच बोललो नाही. म्हणालो, "शेतकरी माणूस. नदीकाठी जमीन. गाण्याचे पैसे आले ते पाणी उपसून शेत भिजवण्यात घातले. १९९५ मध्ये अमेरिकेचा ग्रॅमी मिळाला, तरी स्वतःला शेतकरीच म्हणवायचे."

"पंपावर का कालव्यावर?" सरांनी गाडीचा वेग कमी केला.

"पंपावर. आणि २००४ मध्ये गावानं त्यांना नगराध्यक्ष केलं. त्यांनी स्वतःच्या पैशानं रस्ते केले, गटारी खोदल्या, गावाला वीज मिळावी म्हणून जनरेटर चालवला."

"स्वतःच्या?" भाऊ मागून पुढं वाकले. "मग गुत्तेदाराला काय राहिलं?"

नेमका तेव्हाच सरांनी एक खड्डा चुकवला आणि त्याच्या शेजारच्यात गेले. "असला माणूस आपल्याकडं निवडून येत नाही," ते म्हणाले. मॅडमनी विचारलं, आता काय करतात? मी सांगितलं, २००६ मध्ये वारले. गाडीत खरंच वाईट वाटलं. त्यांचं गाणं तेव्हा चालूच होतं, पण हळहळ नगराध्यक्ष गेल्याची होती.

सेझारिया एव्होराचं मात्र वेगळं झालं. अटलांटिक महासागरात केप व्हर्डे नावाची बेटं आहेत. चारी बाजूंनी पाणी आणि वरून पाऊस नाही, अशी तिथली तऱ्हा. तिथल्या संथ, उदास गाण्याला मोर्ना म्हणतात, आणि मोर्ना जगभर पोचवली ती या बाईंनी. मोठमोठ्या रंगमंचांवर त्या अनवाणी उभ्या राहायच्या. मी हे सांगितलं मात्र, भाऊ म्हणाले, "नवस असंल." कोजागरीला तुळजापूरला चालत जाणारी माणसं त्यांच्या घरात आहेत, त्यामुळे अनवाणी बाईला त्यांच्याकडे दुसरं कारण नाही. मीही वाद घातला नाही.

मग त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं लावलं. भाषा तिथली, कुणालाच कळणारी नाही. मॅडमनी विचारलं, कशाबद्दल आहे? मी म्हणालो, दुष्काळामुळे तिथली माणसं साओ टोमे नावाच्या लांबच्या बेटावर मळ्यांत मजुरीला जायची. तिकडची ती वाट तुला कुणी दाखवली, असं विचारते आहे.

"म्हणजे टोळी गेली," भाऊ म्हणाले.

"मुकादम असंल," सर म्हणाले. "मुकादमच दाखवतो वाट."

भाऊंच्या गावात दिवाळी झाली की ऊसतोडीपायी अर्धी दारं कुलपात जातात आणि म्हातारी माणसं पोरं सांभाळत बसतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, कोयत्यावर उचल, उचलीवर पुढचं वर्ष. समुद्रापलीकडची बाई हेच गाते म्हटल्यावर भाऊंचा तिच्यावर पूर्ण विश्वास बसला. त्यांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मध्ये एकदाच विचारलं, "उचल फिटायची का?" आणि मी मान हलवली तेव्हा, "कुठंच फिटत नाही" म्हणून खिडकी वर केली. नंतर ते गाणं त्यांनी माझ्याकडून मागून घेतलं. त्यांच्या बुधवारी ते आता आनंद शिंद्यांच्या दोन गाण्यांच्या मध्ये वाजतं. माझ्या गुरुवारी वाजवायला हरकत घेतात, कारण ते त्यांचं आहे.

एवढ्या यशानं माणूस फुगतो. परवा मी थेट जॅझ काढलं. फोन जोडायच्या आधीच सरांनी स्पीकरचा आवाज शून्यावर आणला.

"हं, सांगा."

"जॉन कोल्ट्रेन. जन्म १९२६, नॉर्थ कॅरोलायना. पंडित रविशंकरांवर एवढा जीव की पोराचं नाव रवी ठेवलं."

"रवी!" मॅडम खूश झाल्या. "छान आहे की. शेती?"

"शेती नाही."

"नोकरी?"

"होती. नौदलात, वर्षभर."

"मग?"

"मग सुटली. नंतर सॅक्सोफोन वाजवला."

सरांनी आरशातून भाऊंकडे पाहिलं, भाऊंनी मॅडमकडे.

"सरकारी नोकरी सुटली," सर गिअर टाकत म्हणाले, "पुढचं दाखवा."