बायोफीडबॅकचा पडदा कोणासमोर?

पालकांच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. थोडक्यात तो असा: चीनमधल्या शाळा मुलांना सेन्सर लावून त्यांच्या भावना आणि एकाग्रता क्षणोक्षणी मोजतात. बायोफीडबॅक नावाच्या या तंत्राने दहा मिनिटांत परीक्षेचा ताण जातो. ते पूर्ण शास्त्रसिद्ध आहे आणि औषध नसल्यामुळे दुष्परिणाम शून्य. मुळात हे आपलंच प्राणायामाचं ज्ञान, परदेशी लोकांनी यंत्रात घालून विकायला काढलेलं. शेवटी मुख्याध्यापकांना पत्र देण्याचं आवाहन आहेच.

बायोफीडबॅक म्हणजे ठोके, घाम अशा शरीराच्या खुणा सेन्सरने मोजून त्या माणसालाच पडद्यावर दाखवायच्या, म्हणजे त्या सावरायला तो शिकतो. हे थोतांड नाही, हे आधीच सांगून टाकतो. काही मुलांना त्याचा खरोखर उपयोग होऊ शकतो. पण या मजकुरात खऱ्यात खोटं इतकं बेमालूम कालवलंय की ते वाचून शाळेने यंत्रं आणलीच, तर ती नेमकी चुकीच्या पद्धतीने वापरली जातील.

चीनपासून सुरुवात करू. गाजलेलं प्रकरण २०१९ सालचं आहे, झेजियांग प्रांतातल्या जिनहुआ इथल्या एका प्राथमिक शाळेतलं. तिथे ब्रेनको या अमेरिकेत सुरू झालेल्या कंपनीचे हेडबँड मुलांच्या डोक्याला लावले होते. हेडबँडवर पुढच्या बाजूला एक दिवा. लक्ष एकवटलं की लाल, भरकटलं की निळा. मेंदूतल्या विद्युत लहरींवरून काढलेले गुण शिक्षकांच्या संगणकावर जात आणि पालकांनाही कळवले जात. गुण कमी आले की घरी शिक्षा होते, असं एका मुलाने पत्रकारांना सांगितलं. चित्रफीत पसरली, चीनमधल्याच समाजमाध्यमांवर लोक संतापले आणि स्थानिक शिक्षण विभागाने तो प्रयोग थांबवला. मजकूर लिहिणाऱ्याने यातला फक्त पहिला अर्धा भाग उचललाय.

त्या दिव्याकडे जरा नीट बघा. स्वतःच्या कपाळावरचा दिवा त्या मुलाला दिसतच नाही. बायोफीडबॅकमध्ये ज्याचं शरीर आहे त्यालाच त्याची खूण त्या क्षणी दिसावी लागते. मग तो श्वास जरा लांबवतो, खांदे सैल सोडतो, खूण बदलते, आणि काय केल्याने काय होतं हे त्याला उमगत जातं. खूण फक्त बाईंना दिसत असेल तर मूल त्यातून शिकणार काय? जिनहुआत जे चाललं होतं ते प्रशिक्षण नव्हतं, हजेरी होती. युरोपीय संघाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कायद्याने तर शाळांमध्ये आणि कामाच्या ठिकाणी अशा शारीरिक खुणांवरून माणसाच्या भावनांचा अंदाज बांधणाऱ्या प्रणालींवर २ फेब्रुवारी २०२५पासून बंदीच आणली आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं तेवढी अपवाद.

‘यंत्र भावना ओळखतं’ हा दुसरा दावा. बोटाला लावलेला सेन्सर त्वचेतून वीज किती सहज वाहते ते मोजतो. मन उद्दीपित झालं की शरीराला सावध करणारी सहानुकंपी चेतासंस्था घामाच्या ग्रंथींना चाळवते, बोटं किंचित ओलसर होतात, वीज सोपेपणाने जाते. आकडा वर जातो तो यामुळे. पण स्नेहसंमेलनात पडदा उघडण्याची वाट बघणारी मुलगी आणि कॉपी करताना सापडलेला मुलगा, दोघांचाही आकडा वरच जाईल. एकीला हुरूप आहे, दुसऱ्याची पाचावर धारण बसली आहे. शरीर किती जागं झालंय एवढंच यंत्राला कळतं, कशामुळे ते कळत नाही. नाडीच्या सेन्सरचंही तेच. शिवाय मुलाने नुसता हात हलवला तरी त्याच्या नोंदीत गोंधळ होतो, आणि दहा वर्षांचं मूल हात हलवणारच.

आता दहा मिनिटांचं. इथे खरा भाग मोठा आहे, म्हणून थोडं थांबू. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात, सोडताना मंदावतात. हा चढउतार निरोगी शरीरात असतोच. मिनिटाला साधारण सहा श्वास, म्हणजे एक श्वास दहा सेकंदांचा, इतका वेग कमी केला की श्वासाची लय आणि रक्तदाब सावरणाऱ्या यंत्रणेची लय जुळून येतात आणि चढउतार सगळ्यात मोठा होतो. प्रत्येकाचा नेमका वेग थोडा वेगळा असतो. पॉल लेहरर आणि एव्हगेनी वाशिलो या संशोधकांनी यावरच पद्धतशीर प्रशिक्षण बसवलं. अशा २४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांनी स्वतः सांगितलेला ताण आणि चिंता त्यात बरीच कमी झालेली दिसली. निष्कर्ष उत्साह वाढवणारा आहे, पण एकूण माणसं होती ४८४. म्हणजे एका अभ्यासात सरासरी वीसच. एवढ्यावर जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांसाठी खरेदी करायची नसते.

आणि लेहरर यांच्या पद्धतीत दहा मिनिटं कुठेच नाहीत. काही आठवड्यांची सत्रं, आणि घरी रोज दोनदा वीस-वीस मिनिटांचा सराव. दहा मिनिटांत पडद्यावरची ठोक्यांची रेघ मात्र नक्की सुंदर होते, कारण ती मुख्यतः श्वासाच्या वेगावर चालते. गणिताच्या पेपरची धास्ती मनात तशीच ठेवून सावकाश श्वास घेतला तरी रेघ गुळगुळीत येईल. प्रात्यक्षिक दाखवायला आलेल्या विक्रेत्याला एवढं पुरतं.

‘शास्त्रसिद्ध’ म्हणताना मजकुरात एकाग्रतेचा मुद्दाही घुसवलाय. मेंदूच्या लहरींवर आधारलेल्या न्यूरोफीडबॅकची अवधानदोष आणि अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी, असलेल्या मुलांवर अमेरिकेत काटेकोर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ७ ते १० वर्षांची १४४ मुलं होती. काहींना खरं न्यूरोफीडबॅक दिलं, काहींना तसंच दिसणारं पण त्यांच्या मेंदूशी संबंध नसलेलं. कोणाला काय मिळतंय हे ना मुलांना माहीत, ना पालकांना, ना शिक्षकांना. शेवटी दोन्ही गट सुधारले, आणि जवळपास सारखेच. माझ्या मते यातून पालकांनी घेण्यासारखं बरंच आहे. महिनोन्‌महिने कोणीतरी त्या मुलांना वेळ दिला, शांत खोलीत बसवलं, नीट जमल्यावर शाबासकी दिली. फरक पडला, पण तो लहरींच्या प्रशिक्षणामुळे पडला असं म्हणायला जागा राहिली नाही. नुसत्या ‘आमच्या मुलाला फरक पडला’ या अनुभवावर विसंबता येत नाही ते यासाठीच.

या क्षेत्राला असा धक्का नवा नाही. नील मिलर हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. औषधाने स्नायू लुळे केलेले उंदीरही बक्षिसाच्या ओढीने हृदयाचा वेग बदलायला शिकतात, असं त्यांच्या प्रयोगशाळेने १९६०च्या दशकात दाखवलं आणि बायोफीडबॅकला त्यातून मोठं बळ मिळालं. पुढे ते निष्कर्ष त्यांच्याच प्रयोगशाळेत पुन्हा येईनात. मिलर यांनी तसं उघडपणे छापलं. विज्ञानाचा हा भाग फॉरवर्ड होत नाही.

दुष्परिणाम शून्य? घातक काही नाही, हे मान्य. पण ‘खोल श्वास घे’ असं सांगितल्यावर मुलं जोरजोरात श्वास घेतात, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. आधीच घाबरलेल्या काही मुलांची शांत बसवल्यावर धडधड उलट वाढते. प्रशिक्षित समुपदेशक हे ओळखून सावरतो, चाळीस मुलांच्या वर्गात ते कोण ओळखणार? शिवाय ‘शांतपणाचे गुण’ हा आणखी एक निकाल घरी न्यायचा झाला, तर ज्याच्यासाठी यंत्र आणलं तेच वाढेल. वर्गात कोणी छळतंय, क्लास संपवून रात्री दहाला घरी येतोय, अशा मुलाच्या घामाचे आकडे मोजून कारण हलत नाही.

प्राणायामाचा मुद्दा अर्धा खरा आहे. २००१ साली इटलीतल्या लुचिआनो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांना असं आढळलं की लॅटिन भाषेतली जपमाळेची प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हूम’ हा मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहावरच येतो. श्रेय एकट्या कोणाला देता येत नाही ते असं. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केलं तेच मुळी योगक्रिया उपकरणांनी तपासण्यासाठी. परंपरा आहे म्हणून मोजायचं नाही, अशी भूमिका त्यांची नव्हती. पण हा वारसा खरा मानला तर पुढचा प्रश्न मजकूर लिहिणाऱ्यालाच विचारायला हवा: सहा श्वास नुसता जप करूनही साधतात, तर शाळेने यंत्र घ्यावं कशाला?

उत्तर आहे, पण छोटं. ‘श्वासाने काय होणार’ म्हणणाऱ्या नववीतल्या मुलाला स्वतःच्या ठोक्यांचा आलेख वर-खाली होताना दिसला की त्याचा विश्वास बसतो. समुपदेशकाच्या खोलीत, मुलाच्या इच्छेने, पडदा त्याच्याच समोर ठेवून एखादं साधं उपकरण वापरायला माझी हरकत नाही. बाकी वर्गाला भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बास आहे: पाच सेकंद आत, पाच सेकंद बाहेर, ओढाताण न करता. आणि मूल खरंच खचलेलं वाटत असेल तर कोणत्याही सेन्सरआधी टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांक फिरवा. तो दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

तरीही पालकसभेत हा विषय निघालाच, तर मुलाचे आकडे कोण बघणार, ते कुठे साठणार आणि कधी पुसले जाणार, एवढं लेखी मागा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे, पण नियमांत शाळांना काही सवलतीही आहेत. त्यामुळे नुसतं ‘सगळं कायद्याप्रमाणेच आहे’ एवढं उत्तर मिळालं, तर संमतीपत्र कोरंच परत करा.