महापुरात मीठ धरतं का?

भाचीचा एमएस्सीला अवसादी द्रोण्यांचा, वर्गातल्या बोलीत ‘बेसिन’चा, म्हणजे जमीन खचून गाळाने भरत जाणाऱ्या खोलगट भागांचा, पेपर घ्यायचा विचार चालला होता. तेवढ्यात तिला कुणीतरी तो फिरता फॉरवर्ड पाठवला: गाळाचे सगळे खडक एकाच महापुरात वर्षभरात साचले, तेल जमिनीखालच्या तळ्यांत असतं, आणि हा विषय म्हणजे तेल कंपन्यांची हमाली, तेल संपलं की विषय संपला. “मामा, खरंय का हे?”

महापुराचं आधी घेतो, कारण डोकं तिथेच फिरलं. काही थर झपाट्याने साचतात, मान्य. १९२९ मध्ये कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यापल्याड, ग्रँड बँक्सजवळ भूकंपाने समुद्रतळावरचा गाळ घसरला आणि त्या लोंढ्याने तारांच्या केबली एकामागून एक तोडल्या. तसा एखादा थर बसायला फार वेळ लागत नाही. पण थर बसणं वेगळं आणि बेसिन भरणं वेगळं.

भूमध्य समुद्राखालचं मीठ बघा. १९७० मध्ये ‘ग्लोमार चॅलेंजर’ जहाजाने तिथे तळाला भोक पाडलं, तेव्हा नळीतून अनहायड्राइट वर आलं. खारं पाणी आटत गेलं की मागे राहणारं खनिज. मिठाचा थर काही ठिकाणी किलोमीटरहून जाड आहे. आणि एक किलोमीटर खोल समुद्र पुरता आटवला, तरी मीठ उरतं जेमतेम पंधरा-सोळा मीटर! म्हणजे पाणी येत राहायला हवं आणि आटतही राहायला हवं, हजारो वर्षं. भरून वाहणाऱ्या भांड्याच्या तळाला मीठ धरलेलं कुणी पाहिलंय? तो समुद्र पूर्ण आटला की अर्धवट, यावर संशोधक अजून भांडतात. पुरात मीठ धरलं, असं त्यांतलं कुणी म्हणत नाही.

तेलाची तळी? वाळूखडकाच्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाका. जिरतो. तेलही असंच दाण्यांमधल्या फटींत असतं. पुढे.

हमालीचं अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. सिस्मिकचा, म्हणजे कंपनलहरी सोडून जमिनीखालचे थर बघण्याचा, बराच पैसा तेलाचा, आणि सिक्वेन्स स्ट्रॅटिग्राफी, म्हणजे समुद्रपातळीच्या चढउतारांवरून थरांचा क्रम लावण्याची पद्धत, उभी केली ती एक्सॉन या तेल कंपनीच्या लोकांनी. पण शिलावरण, म्हणजे पृथ्वीचं वरचं टणक कवच, ताणलं की पातळ होऊन खचतं आणि मग निवत निवत आणखी खचत जातं, हे १९७८ मध्ये मांडणारे डॅन मॅकेंझी केंब्रिज विद्यापीठाचे. आणि नॉर्वेच्या स्लाइपनर या समुद्रातल्या वायुक्षेत्रात १९९६ पासून समुद्रतळाखालच्या वाळूच्या थरात कार्बन डायऑक्साइड कोंबला गेला, तेव्हा वरचं शेलचं, म्हणजे चिखलापासून झालेल्या घट्ट खडकाचं, झाकण धरतंय का, हे बघायला हेच शास्त्र लागलं.

पेपर घ्यायचा की नाही, ते भाचीने ठरवावं. बॅकस्ट्रिपिंगच्या, म्हणजे एकेक थर हिशोबातून काढून बेसिन किती खचलं ते काढण्याच्या, आकडेमोडीचा कंटाळा आहे म्हणाली, तर ते कारण चालेल मला.